मास्तरांनी दिलेली चाहूल

पुंडलिक मास्तरांच्या गोष्टीत पहिल्या पानावर कुणी खोकलं की शेवटच्या पानावर तो माणूस जाणार, हे आता गावातल्या बायकांनाही पाठ झालं होतं. मास्तर शनिवारी दुपारी समुद्राकाठी यायचे. बायका वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत असायच्या, आणि मास्तर बाजूला दगडावर बसून गिरगावातल्या मासिकात छापून आलेली स्वतःची गोष्ट त्यांना वाचून दाखवायचे. श्रोते बोंबील वाळवणारे असले तरी श्रोतेच, असं मास्तरांचं मत होतं. शहाण्या श्रोत्यांनी त्यांना तोवर विचारलंही नव्हतं.

मास्तर मूळचे भाईंदरचे. घरची मिठागरं होती, थोडी भातशेती होती, पण मिठात पाय रुतवायचं त्यांच्या नशिबात नव्हतं. म्हणजे त्यांच्या मनात नव्हतं. ट्रेनिंग करून ते उत्तनला मास्तर होऊन आले, बायको रखमाबाईंना घेऊन. शाळेच्याच एका कोपऱ्यात टपालाचं टेबल होतं आणि तेही मास्तरांकडेच होतं. त्यामुळे मुलांना बाराखडी शिकवायची, टपालावर शिक्के मारायचे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं वाचून दाखवायची, उत्तरं लिहून द्यायची, अशी तिन्ही कामं एकाच खुर्चीवरून चालायची. चौथं काम कथालेखनाचं. ते खरं काम, असं मास्तर मानायचे.

छत्तीस साली त्यांनी पहिली गोष्ट पाठवली तेव्हा संपादकांनी ती परत पाठवली होती. सोबत चार ओळी होत्या. तुमचा नायक शेवटी एकाएकी मरतो, वाचकाला धक्का बसतो पण दुःख होत नाही. मृत्यू येणार असेल तर त्याची चाहूल आधीपासून द्यावी, थोडी थोडी, म्हणजे वाचकाचं मन हळूहळू तयार होतं. मास्तरांनी ते पत्र इतक्यांदा उघडलं की घडीवर फाटलं. मग त्यांनी गोष्ट पुन्हा लिहिली. पहिल्या पानावर नायकाला खोकला दिला, चौथ्या पानावर ताप दिला, नवव्यावर त्याला मारलं. गोष्ट छापून आली. त्या दिवसापासून मास्तरांनी आपल्या एकाही पात्राला चाहूल दिल्याशिवाय मरू दिलं नाही.

ऐकणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यात तल्लख होती अपोलिन. जवळच्या तारोडीची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, लिहिता-वाचता न येणारी. मास्तरांनी पान उलटायच्या आत ती म्हणायची, "खोकला दिलाव ना त्याला? मंग गेला तो. बिचारा." बाकीच्या बायका हसायच्या. मास्तर वरवर चिडायचे, पण आतून सुखावायचे. आपण पेरलेलं कुणाच्या तरी नजरेला पडतं, याहून लेखकाला काय हवं?

अपोलिनचा नवरा कैतान आगबोटीवर स्वयंपाक्याच्या हाताखाली होता. एक्केचाळीस साली गेला तो लढाईमुळे परत येऊच शकला नाही. दोन-तीन महिन्यांनी त्याचं पत्र यायचं. बोटीवरचा रत्नागिरीकडचा एक सोबती ते त्याच्यासाठी लिहायचा. मास्तर पत्र वाचायचे, अपोलिन टेबलाच्या कडेला धरून उभ्यानेच ऐकायची. मग लिफाफा मागून घ्यायची आणि घरी नेऊन ख्रिस्ताच्या आईच्या, मावलीच्या तसबिरीमागे ठेवायची.

त्रेचाळीस सालच्या फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी टपालाच्या पिशवीतून एक लांबट लिफाफा निघाला. वर टंकलेलं नाव अपोलिनचं. आतलं पत्र इंग्रजीत होतं, बोटीच्या कचेरीतून आलेलं. कैतान नऊ जानेवारीला एका परक्या बंदरातल्या इस्पितळात न्युमोनियाने वारला होता आणि तिथेच त्याला पुरलं होतं. पाच ओळी होत्या सगळ्या. मास्तरांनी त्या दोनदा वाचल्या. मुलं पाढे म्हणत होती, त्यांना त्यांनी सुट्टी देऊन टाकली.

आता कसं सांगायचं, याचा विचार करत ते बसले होते आणि तेवढ्यात अपोलिनच दारात आली. हाताला ओली हळद होती. येत्या रविवारी तिच्या धाकट्या भावाचं, ज्युलियसचं लग्न होतं. ती त्या घरची थोरली बहीण. नवरदेवाच्या अंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत उंबराचं पाणी आणायचं, त्यात पहिला घडा तिचा. तिने लिफाफा पाहिला आणि तिचा चेहरा असा उजळला की मास्तरांना वर बघवेना.

"माझा हाय ना?" ती म्हणाली. "काय लिवलाय त्यानी? लग्नाचं पोचलं त्याला?"

त्या क्षणी मास्तरांनी सांगून टाकायला हवं होतं. पुढे त्यांनी हे स्वतःला हजारदा सांगितलं. पण समोर हळदीचे हात, आणि मनात संपादकांच्या चार ओळी. एकाएकी मरण सांगितलं तर धक्का बसतो. मन हळूहळू तयार करावं. मास्तरांना वाटलं, देवाने आपल्याला ही विद्या दिली ती याच दिवसासाठी. आणि त्यांनी पत्र समोर धरलं.

"कचेरीतल्या साहेबाकडून इंग्रजीत लिहवून घेतलंय," ते म्हणाले. "बरा आहे म्हणतो. जरा खोकला झालाय. थंडी फार आहे तिकडे. डॉक्टरने विश्रांती घ्यायला सांगितलंय."

वाचून झाल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती आता म्हणेल, असं त्यांना वाटत होतं. खोकला म्हटल्यावर जे ती दर शनिवारी म्हणायची, तेच. खरं सांगायचं तर ती म्हणावी अशीच त्यांची इच्छा होती. तिने ओळखलं की आपण मान हलवू, आणि तो शब्द आपल्याला उच्चारावा लागणार नाही.

अपोलिन म्हणाली, "खोकला तं त्याला लहानपनापासना हाय. तेल लावत न्हाय छातीला. बसा तुमी, उद्या येते. उत्तर लिवायचाय." आणि लिफाफा घेऊन ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली आणि टेबलाशी उभी राहून तिने पत्र सांगितलं. अडुळशाच्या पाल्याचा रस मधातून घे. पाला न्हाय भेटला तं आलं चाव. रात्री कानाला फडकं बांध. ज्युलियसची नवरी गोरी हाय, पन बोलत न्हाय. तू येशील तवा घराचं कूड नवीन केलेलं आसंल. मास्तर लिहीत होते. गेलेल्या माणसाला अडुळशाचा रस घ्यायला सांगत होते. त्यांच्या अक्षराला गावात मान होता. त्या दिवशी ते वेडंवाकडं आलं. तिने पत्र स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं. ती गेल्यावर त्यांनी ते काढून फाडायला घेतलं, पण पोस्टाच्या पेटीत पडलेलं पत्र फाडायचा अधिकार त्यांना नव्हता, आणि छातीही झाली नाही. त्यांनी तिकिटावर शिक्का मारला आणि पत्र पिशवीत टाकलं.

त्या संध्याकाळी त्यांनी रखमाबाईंना सगळं सांगितलं. रखमाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांचे हात थांबले.

"आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा तिला," त्या म्हणाल्या.

"लग्न तोंडावर आहे गं. एवढं लग्न होऊ दे. तोवर तिचं मनही थोडं तयार होईल."

"तुमच्या गोष्टी तुमच्या मासिकात ठेवा," रखमाबाई म्हणाल्या. "तिचा माणूस गेलाय. ते तिचं आहे. तुम्ही कोण ते ठेवून घेणारे?"

मास्तरांना राग आला. बायकोला कथेतलं कळत नाही, हे त्यांचं जुनं दुखणं होतं. त्यांनी भाकरी अर्धी टाकली आणि उठले. रखमाबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून अपोलिन शाळेत येताना दिसली की त्या दार लोटून घ्यायच्या.

लग्न झालं. मास्तरांना बोलावणं होतं, जावंही लागलं. बाजाच्या मागे बायका विहिरीवरून आल्या. सगळ्यांत पुढे अपोलिन, लाल लुगड्यात, डोक्यावर घडा, अंबाड्यात अबोली. गाताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढत होता. दोन दिवसांनी मंगळवारी उरल्या पाहुण्यांचं जेवण होतं. तिने मास्तरांच्या पानात स्वतः वाढलं आणि म्हणाली, "कैतान आसता तं नाचला आसता." मास्तर खाली मान घालून जेवले. पुंडलिक मास्तर हिंदू माणूस. पाद्री कुठल्या दिवशी काय म्हणतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तो मंगळवार नऊ तारखेचा होता, कैतानला जाऊन महिना झाला होता, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात कचेरीचं दुसरं पत्र आलं. कैतानचं सामान पाठवत आहोत, त्याची यादी: एक ट्रंक, दोन सदरे, एक घोंगडी, एक रोझरीची माळ. मास्तरांना वाटलं, नशिबानेच आपल्याला दुसरं पान पाठवलं. त्यांनी ते वाचून दाखवलं: ताप आलाय, इस्पितळात ठेवलंय, पण काळजी करू नको. आता मात्र तिला कळायलाच हवं होतं. खोकला झाला, ताप झाला. यापुढे काय येतं हे तिला मास्तरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. आवाजही त्यांनी तसाच लावला होता, शनिवारी लावायचे तसा.

अपोलिनने टेबलाची कड घट्ट धरली. आता विचारेल, मास्तरांना वाटलं.

"बांद्र्याला जाऊन येते," ती म्हणाली. "उद्याच."

आणि गेलीही. पहाटे भाईंदरपर्यंत पायी, तिथून पुढे गाडीने. मोतमावलीच्या देवळाबाहेर मेणाचे अवयव विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो त्याच्यासाठी पाय, ज्याचे डोळे अधू त्याच्यासाठी डोळे. अपोलिनने मेणाची छाती घेतली आणि मावलीच्या पायाशी ठेवली. परत आल्यावर नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना धरली. नऊ दिवस मासळी सोडली. समुद्राकाठच्या बाईला नऊ दिवस मासळी सोडणं म्हणजे काय ते कुणी आम्हाला विचारू नये. रोज संध्याकाळी ती उघड्या गुडघ्यांनी देवळाच्या दारापासून वेदीपर्यंत जायची. गुडघे सोलले. बायका सांगायच्या, वेड लागलंय तिला. पण वेड नव्हतं. उलट मास्तरांनी तिला इतकं जिवंत कधी पाहिलं नव्हतं. ती भराभर चालायची, भराभर बोलायची. तिच्या हाती काम आलं होतं, नवऱ्याला वाचवायचं.

मास्तर आता हादरले. गोष्टीत असं होत नसे. गोष्टीत ताप आला की वाचक सुस्कारा सोडून मरणाची वाट बघायला लागतो. इथे चाहूल दिली आणि हिच्या मनात आशा उभी राहिली. प्रत्येक खुणेसरशी ती मरणापासून लांबच चालली होती. तिसऱ्या पत्राचा मजकूर त्यांनी मनात दहादा जुळवला. नोव्हेना सुरू असताना कसं सांगायचं? संपल्यावर लगेच कसं सांगायचं? रोज सकाळी ते आज सांगू म्हणायचे आणि रोज दुपारी ती पत्राची चौकशी करायला आली की शिक्के मारत बसायचे.

तिसरं पत्र त्यांना वाचावंच लागलं नाही.

नोव्हेनाचा नववा दिवस झाला आणि दुसऱ्या सकाळी अपोलिन फादरांकडे गेली. इस्पितळात ख्रिस्ती माणसाला भेटायला एखादा पाद्री येतच असेल, त्याला आपल्या फादरांनी इंग्रजीत चिठ्ठी लिहावी, कैतानला तेल लावायला सांगावं, एवढंच तिच्या मनात होतं. पत्ता हवा म्हणून तिने तसबिरीमागची दोन्ही इंग्रजी पत्रं काढून नेली. फादर गोव्याकडचे. त्यांनी पत्रं वाचली. मग तिला बसायला सांगितलं, आणि जे होतं ते तिच्या भाषेत सांगितलं. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. सुचायचं कारण नव्हतं.

दुपारी शाळा सुटल्यावर ती आली. मास्तर शिक्क्याची शाई भरत होते. तिच्या अंगावर काळं लुगडं होतं, कुणाचं तरी मागून आणलेलं, आखूड. रडून झालेलं असावं. डोळे सुजले होते, पण आवाज नेहमीचा होता. तिने रोजच्यासारखी टेबलाची कड धरली नाही. समोरच्या बाकावर, मुलांच्या जागी बसली.

"तुमाला ठावं होतं," ती म्हणाली.

"हो."

"पैल्या दिसापासना."

"हो. अपोलिन, मला वाटलं एकदम सांगितलं तर तुला सोसणार नाही. हळूहळू तुझं मन..." मास्तरांनी शिक्का बाजूला ठेवला. "तू गोष्टीत लगेच ओळखायचीस. मला वाटलं, खोकला म्हटलं की तुझ्या लक्षात येईल."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा शहाणा माणूस भलतंच काही बोलला की आपण बघतो, तसं.

"गोष्टीतल्या मान्साला मी काय करनार, मास्तर? त्याला तुमी मारनार ते मारनार. हा तं माझा नवरा होता. खोकला हाय म्हटल्यावर मी खोकल्याचं औशद बघनार, न्हाय तं काय?"

मास्तरांनी शाईची बाटली बंद केली.

"सातव्या दिसाची मिस्सा, मेलेल्याच्या नावाची देवलातली प्रार्थना, माझ्या हाती नव्हती," ती म्हणाली. "कागदच उशिरा आला. पन म्हयना होता. म्हयन्याची मिस्सा त्याच्या नावानी व्हायाला पायजे होती. नऊ तारीक. त्या दिशी मी लाल लुगडं नेसून लोकांना सोरपोतेल वाढत होते. तुमालापन वाढलं." ती थांबली. "फादर म्हनतात, उद्या करू मिस्सा, देव तारीक बघत न्हाय. देव बघत नसंल. मी बघते. तो तिकडं परक्या जमिनीत पडून, माझ्या एका शब्दाची वाट बघत आसंल. आन मी हितं मावलीला सांगते, त्याची छाती मोकली कर. कंची छाती? त्याच्या आत्म्यासाठी कुनी एक 'आमच्या बापा' म्हटलं न्हाय. आख्ख्या जगात कुनी न्हाय. मना कुनी सांगितलंच न्हाय."

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. त्यांना फार लाज वाटली. रडण्याची नव्हे, रडायचा हक्क नसताना रडण्याची. चुकलो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "चुकलो." तो शब्द इतका तोकडा निघाला की तो आपण म्हटला नसता तर बरं, असं त्यांना वाटलं.

अपोलिनने ऐकलं की नाही कोण जाणे. तिने कमरेची पिशवी सोडली आणि बाकावर पत्रं मांडली. इंग्रजी नव्हेत, ती फादरांकडेच राहिली होती. ही जुनी होती, कैतानची, रत्नागिरीच्या सोबत्याने लिहिलेली. सात होती.

"ह्यांतलं त्याचं कंचं आन तुमचं कंचं?" तिने विचारलं.

मास्तरांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते खुर्चीतून उठले.

"सगळी त्याचीच आहेत," ते घाईघाईने म्हणाले. "अक्षर न् अक्षर त्याचं. मी फक्त वाचली. देवाशपथ."

तिने एक लिफाफा शोधून काढला. वाचता येत नव्हतं, पण कोपऱ्यावर तेलाचा डाग होता, त्यावरून तिला ओळखता येत होतं. "ह्यात लिवलंय, मी हितं भात शिजवतो तवा दर वक्ताला एक मूठ तुझ्या नावाची जादा घालतो, मोकादम वरडतो तरी घालतो. हा त्याचा हाय?"

"त्याचंच आहे."

"कैतान तोंडानी कंदी आसं बोलला न्हाय. लगीन होऊन सा वरसं झाली, एकदा न्हाय. म्हनून मना लय नवल वाटलं होतं. चार वक्त तुमच्याकडना वाचून घेतलं." तिने लिफाफा उलटसुलट केला. "तुमच्या गोष्टीतली मान्सं आसं बोलतात."

ती ओळ खरी होती. मास्तरांना ती पहिल्यांदा वाचली तेव्हाचा दिवस आठवत होता. त्यांना हेवा वाटला होता. इतकी वर्षं लिहूनही आपल्याला असं वाक्य सुचलं नाही, आणि बोटीवरच्या एका स्वयंपाक्याला सुचलं, असं त्यांनी रखमाबाईंना बोलूनही दाखवलं होतं. ते सगळं त्यांनी अपोलिनला सांगितलं. हात जोडून सांगितलं. कागद उघडून ती ओळ बोटाने दाखवली. "ही बघ, इथे आहे. शाई बघ, जुनी आहे. भाईंदरला ने, फादरांना सांगून बांद्र्याला ने, कुणाकडूनही वाचून घे. हेच निघेल."

अपोलिनने त्या बोटाखालच्या अक्षरांकडे पाहिलं. तिला ती सगळी सारखीच दिसत होती.

"कुनाला नेऊ?" ती म्हणाली. "जो कुनी वाचंल तो आदी माझ्या आंगावरचं काळं बघंल. मंग तुमच्यासारखंच वाचंल."

तिने सातही पत्रं गोळा करून पिशवीत घातली आणि उठली. मास्तर दारापर्यंत तिच्या मागे गेले. ती सोललेल्या गुडघ्यांनी सावकाश पायऱ्या उतरली आणि उद्याच्या मिस्साचं नाव लिहून द्यायला देवळाकडे गेली.